पिशवी काढण्याआधी

माझ्याकडे पेशंट येत नाहीत, बरण्या येतात. दुपारी चार-साडेचारच्या सुमारास आमची मुलं मोटरसायकलवरून नमुने घेऊन चिंचवडच्या लॅबमध्ये परततात. एकजण राजगुरुनगर-चाकणची बाजू करतो, दुसरा तळेगावची, तिसरा मोशी-भोसरीची. चाकणच्या तळेगाव चौकात ट्रेलर अडकला की सहाही वाजतात. त्यांच्या खोक्यात रक्ताच्या नळ्या असतात, लघवीच्या डब्या असतात आणि बऱ्याचदा एखादं गर्भाशय असतं. कधी रीतसर रुंद तोंडाच्या बरणीत, कधी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, कधी नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून. सोबतच्या फॉर्मवर नाव, वय आणि एक ओळ: ‘गर्भाशय, तपासणीसाठी’. ते का काढलं, आधी काय तपासलं, बाईला त्रास काय होता, या जागा कोऱ्या.

इथल्या कारखान्यांत एखादा बोल्ट नापास झाला तर तो कुठल्या बॅचचा, कुठल्या शिफ्टमध्ये बनला, कुणी तपासला, हे दहा मिनिटांत सांगता येतं. त्याच पट्ट्यातल्या बाईच्या पोटातून काढलेल्या अवयवाची माहिती मला फोन करून विचारावी लागते. फोन उचलणारी सिस्टर म्हणते, “सर ओटीत आहेत, मॅडम. ब्लीडिंग होतं एवढं माहितेय.”

ब्लीडिंग होतं, यात अर्धा डझन साधे आजार बसतात आणि तीन-चार कॅन्सरही बसतात. त्यांतलं काय आहे ते शोधणं हे माझं काम. पण शोधण्याजोगं काही शिल्लक राहील की नाही, हे ऑपरेशनच्या टेबलावर ठरून गेलेलं असतं. कापलेला अवयव त्या क्षणापासून कुजायला लागतो. त्याला दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, अवयवाच्या निदान दहापट द्रावणात बुडवायचं असतं. गर्भाशय असेल तर ते आधी उभं चिरून उघडायचं असतं, कारण भिंत जाड असते आणि फॉर्मॅलिन बाहेरून आत झिरपेपर्यंत अस्तराची रया गेलेली असते. एप्रिलच्या उन्हात सलाइनमध्ये टाकून पाठवलेल्या गर्भाशयाचं अस्तर मायक्रोस्कोपखाली पाहिलं की पेशींच्या जागी नुसत्या सावल्या दिसतात. अरुंद तोंडाच्या बरणीची वेगळीच गंमत. मऊ असताना आत सरकवलेलं गर्भाशय फॉर्मॅलिनने कडक होतं, मग बाहेर येत नाही. आमच्या टेक्निशियनने अशा बरण्या करवतीने कापल्या आहेत.

हे सगळं एका बाईमुळे सांगते आहे. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. फॉर्मवर वय ४४. मूळची लातूरकडची. महाळुंगेजवळच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, उभ्याने वायरिंगचे सुटे भाग तपासायचं काम. वर्षभर अंगावरून अवेळी जात होतं, मध्येच पांढरं, वास येणारं. एका छोट्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली, ‘पिशवीला सूज’ निघाली आणि पिशवी काढून टाकली. बरणी बरी होती, फॉर्मॅलिनही पुरेसं होतं. मी गर्भाशय हातात घेतलं आणि तोंडाकडच्या भागावर बोट फिरवलं, तर तिथे खरबरीत, घट्ट गाठ. पुढे कडेला, जिथे सर्जनची कात्री फिरली होती, तिथे गाठीचा करडा-पांढरा भाग उघडा पडलेला. म्हणजे कात्री गाठीच्या बाहेरून गेलेली नव्हती, गाठीतूनच गेली होती. कॅन्सर सर्जन याला ‘कट-थ्रू’ म्हणतात.

अशा कडेला आम्ही काळी शाई लावतो, मग तुकडे करतो. स्लाइडवर ती शाई हीच सर्जनच्या कात्रीची रेघ असते, आणि कॅन्सरच्या पेशी त्या रेघेपासून किती मिलीमीटरवर थांबल्या ते मोजता येतं. इथे त्या रेघेवर बसलेल्या होत्या. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, गर्भाशयमुखाचा नेहमीचा कॅन्सर. निदान लिहायला वेळ लागला नाही. अडलं ते स्टेजच्या ओळीवर. तिथे मी लिहिलं: ठरवता येत नाही.

नातेवाईक लॅबमध्ये आले की पहिला प्रश्न हाच असतो, “कितवी स्टेज?” लोकांच्या मनात पहिली म्हणजे वाचणार, चौथी म्हणजे संपलं, असा सरळ हिशेब असतो. तो अगदीच चुकीचा नाही. पण स्टेजचं खरं काम पुढच्या उपचाराचा रस्ता दाखवण्याचं आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्टेजेस पहिल्यांदा १९२९ मध्ये लीग ऑफ नेशन्सच्या आरोग्य संघटनेने आखल्या. रेडियमचे उपचार देणाऱ्या वेगवेगळ्या देशांतल्या दवाखान्यांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहता यावेत, हा हेतू. पुढे हे काम फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेकडे आलं. अगदी २०१८ पर्यंत ही स्टेज मुख्यतः डॉक्टरच्या बोटांनी ठरायची. बाईला भूल देऊन योनीमार्गातून आणि गुदद्वारातून तपासायचं, गाठ बाजूच्या ऊतीत शिरली आहे का, ओटीपोटाच्या हाडापर्यंत पोचली आहे का, ते चाचपायचं. एमआरआयमध्ये काही वेगळं दिसलं तरी स्टेज बदलायची नाही, असा नियम होता. हा कॅन्सर जिथे सर्वांत जास्त होतो तिथे एमआरआय नसतो, म्हणून. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटायचा. २०१८ मध्ये फिगोने स्कॅन आणि पॅथॉलॉजी दोन्ही मोजायला परवानगी दिली आणि लिम्फच्या गाठींत कॅन्सर सापडला तर स्टेज थेट ३सी केली.

आता या मोजमापांत मिलीमीटरला किती किंमत आहे पाहा. कॅन्सर वरच्या थरातून खाली तीन मिलीमीटरपर्यंतच उतरला असेल आणि रक्त-लिम्फच्या नळ्यांत शिरलेला नसेल, तर साधं गर्भाशय काढणं पुरतं; मूल हवं असेल तर तोंडाचा शंकूसारखा तुकडा काढूनही भागतं. पाचच्या पुढे गेला, पण गाठ चार सेंटिमीटरच्या आत आणि बाहेर कुठे पसरलेली नाही, तर रॅडिकल शस्त्रक्रिया: गर्भाशयाबरोबर दोन्ही बाजूंचा मऊ पट्टा, म्हणजे पॅरामेट्रियम, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लिम्फच्या गाठी. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट वेर्टहाइमने १८९८ मध्ये हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं, त्यात किती सुधारणा झाल्या तरी गाभा तोच आहे. गाठ चार सेंटिमीटरच्या वर गेली किंवा पॅरामेट्रियममध्ये शिरली, तर सुरीला हातच लावायचा नाही. किरणोपचार, सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध, आणि शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे गर्भाशयाच्या आत नळी सरकवून जवळून दिलेले किरण.

लातूरच्या त्या बाईच्या बाबतीत प्रश्नाचं उत्तर पॅरामेट्रियममध्ये होतं. साध्या ऑपरेशनमध्ये सर्जन पिशवीला चिकटून कापतो, तो पट्टा पोटातच राहतो. लिम्फच्या गाठीही पोटातच. माझ्याकडे मधला भाग आला होता, आणि त्याची कडही कॅन्सरमधून गेलेली. ती आधी कितव्या स्टेजला होती, हे आता कुणालाच नक्की सांगता येणार नव्हतं. फिगोच्या जुन्या नियमांत अशा बायकांची नोंद आकडेवारीत वेगळी ठेवायला सांगितलं होतं, कारण त्यांना कुठल्याच रकान्यात बसवता येत नाही. आणखी एक नुकसान लोकांच्या लक्षात येत नाही. ब्रॅकीथेरपीची नळी ज्या गर्भाशयात बसवायची ते गर्भाशयच गेलेलं असतं. मग योनीच्या टोकाशी जमेल तेवढेच किरण द्यायचे. ज्या अवयवाने उपचार धरून ठेवायचा तो आधीच बरणीत.

ती आठवड्याभराने स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक न्यायला आली. सोबत तिची जाऊ. पोटाचे टाके नुकतेच काढलेले, चालताना हात पोटावर. डॉक्टरांनी तिला कॅन्सर आहे हे सांगितलं होतं, पुढे काय ते सांगितलं नव्हतं.

“मॅडम, पिशवी काढली की. मग आता काय ऱ्हायलं?”

पॅथॉलॉजिस्टने पेशंटशी बोलायचं नसतं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी तिला आत बसवलं. म्हटलं, “ताई, पिशवी निघाली, पण तिच्या बाजूला जे आहे ते तपासायचं राहिलंय. एमआरआय करायला लागेल, आणि मग बहुतेक लाइट घ्यावी लागेल.” किरणोपचारांना इथे सगळे ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात.

“म्हंजे पिशवी काढायच्या आधी हे कळलं असतं का?”

जाऊने तिच्या हातावर हात ठेवला, “आता झालं गेलं काढून काय करायचंय.” मी तरीही उत्तर दिलं. कळलं असतं. गर्भाशयमुखाकडे स्पेक्युलम लावून नीट पाहिलं असतं आणि चिमट्याने तांदळाएवढा तुकडा घेतला असता तर कळलं असतं. तिने मान हलवली. रडली वगैरे नाही. विचारलं फक्त, किती दिवसांचा खाडा होईल.

खाडा म्हणजे काय ते या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. खराबवाडी, निघोजे, कुरुळी, मेदनकरवाडीच्या चाळींत बीड, लातूर, धाराशिव, बुलढाण्याच्या बायका भरलेल्या आहेत. ठेकेदाराच्या हजेरीवर पगार. अंगावरून जातंय म्हणून सारखं बाथरूमला जायचं, सुपरवायझरचं ऐकायचं, दर महिन्याला दोन-तीन खाडे पडायचे. तिला कुणी म्हणालं की एकदाच काढून टाक, कटकट संपेल, तर ते तिला पटतं. आणि गावाकडे तर हे सवयीचं झालेलं आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. अनेकींना ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ ही भीती घालण्यात आली होती. या सगळ्या प्रकारातली मला सर्वांत कडू वाटणारी गोष्ट ही की कॅन्सरच्या भीतीने पिशव्या काढल्या जातात आणि कॅन्सर आहे का, हे मात्र त्याआधी कुणी तपासत नाही.

छोट्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना मी सरसकट दोष देणार नाही. रक्तस्राव होणारी, हिमोग्लोबिन सहावर आलेली बाई समोर असते, नवरा म्हणतो, “आता करून टाका, परत सुट्टी मिळणार नाही.” खेड तालुक्यातले एक डॉक्टर मला माहीत आहेत. पस्तिशीच्या वरची कुठलीही बाई, कशासाठीही आली, तरी पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींचा नमुना, घेतल्याशिवाय तिला सोडत नाहीत, आणि अस्तराचा नमुना तपासल्याशिवाय पिशवीला हात लावत नाहीत. त्यांच्या फॉर्मवर हस्ताक्षर वाईट असतं पण सगळी माहिती असते. त्यांच्याकडून आलेली बरणी मी आधी उघडते. असे डॉक्टर आहेत, पण कमी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांतल्या दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. आणि दरवर्षी या कॅन्सरच्या सव्वा लाखाच्या आसपास नव्या बायका देशात सापडतात, पाऊण लाखाहून अधिक मरतात.

आणि तरीही, आमच्या त्या लातूरच्या बाईच्या शेजारच्याच जिल्ह्यात, जगाला शिकवणारं काम झालं आहे. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निकाल आला: एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीने पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. खेड्यातल्या बाईला एकदा, आयुष्यात फक्त एकदा, तपासलं तर एवढा फरक. त्याच मातीतून आलेल्या बायका चाकणला येतात तेव्हा कंपनीच्या गेटवर त्यांचा थंब मशीनवर लागतो, डोळे तपासले जातात, छातीचा एक्स-रेही कधी निघतो. गर्भाशयमुखाची तपासणी कधी निघालेली मी ऐकली नाही.

बीजांडकोशाच्या कॅन्सरची तऱ्हा निराळी. तिथे स्टेज ठरवायची तर पोट उघडावंच लागतं. स्कॅन अंदाज सांगतो, पण खरी स्टेज सर्जनचा हात आणि आमचा मायक्रोस्कोप मिळून ठरवतात. म्हणूनच इथे सर्जनच्या हातून स्टेज बदलूही शकते. हे ऐकून लोक चमकतात. गाठ एका बीजांडकोशापुरती, आवरण शाबूत, तर १ए. तीच गाठ काढताना फुटली आणि आतलं पाणी पोटात सांडलं, तर १सी. कॅन्सर तोच, बाई तीच, सकाळी नऊ वाजता १ए होती आणि दहा वाजता १सी झाली. १ए असताना काही जणींना केमोथेरपीशिवाय सोडता येतं, १सीला सहसा येत नाही.

फ्रोझनसाठी मी पिंपरी-चिंचवडमधल्या मोठ्या रुग्णालयांत जाते, त्या दिवसांतली एक केस अजून समोर आहे. पस्तिशीतली बाई, भोसरीत राहणारी, पोट सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखं. आधीच्या एका ठिकाणी सुई घालून ‘पाणी काढून बघू’ असं सुचवलं होतं, तिच्या भावाने नकार दिला, आणि त्या भावाचे आभार मानावेत तेवढे थोडे. सर्जनने पोट बेंबीच्या वरून खालपर्यंत उभं उघडलं. पोटात शिरताच आधी सलाइन ओतून ते पाणी तपासायला घेतलं. मग दोन्ही हातांनी गाठ अख्खी बाहेर काढली, न फोडता, आणि ट्रेमध्ये ठेवून माझ्याकडे पाठवली. फ्रोझन म्हणजे शून्याखाली वीस-बावीस अंशांवर गोठवलेल्या तुकड्याचे पातळ काप. वीस मिनिटांत उत्तर द्यायचं, तेवढा वेळ बाई भुलीखाली पोट उघडं ठेवून पडलेली असते. मोठ्या म्युसिनस, म्हणजे चिकट द्रवाने भरलेल्या, गाठी फार फसव्या असतात. एका कोपऱ्यात निरुपद्रवी, दुसऱ्या कोपऱ्यात सीमेवरची, तिसऱ्यात उघड कॅन्सर. मी तीन ठिकाणचे तुकडे घेतले, तिसऱ्यात सापडला. फोनवर सांगितलं, “मॅलिग्नंट, म्युसिनस.” पलीकडून सर्जन एवढंच म्हणाले, “ओके, स्टेजिंग करतो.”

ते स्टेजिंग म्हणजे आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा काढणं, पोटाच्या आतल्या आवरणाचे ठिकठिकाणचे तुकडे घेणं, डायाफ्रामच्या खालची बाजू हाताने चाचपणं, अपेंडिक्स पाहणं, गरजेप्रमाणे लिम्फच्या गाठी काढणं. वरून काहीच दिसत नसलं तरी हे करायचं, कारण न दिसणारे ठिपके मायक्रोस्कोपखाली सापडतात आणि मग पहिली वाटणारी स्टेज तिसरी निघते. हे सगळे तुकडे दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आले, प्रत्येक डबीवर जागेचं नाव लिहिलेलं. चरबीच्या पडद्यात लपलेला मोहरीएवढा कण बोटांनी शोधायला अर्धा-पाऊण तास लागतो. मशीन ते करत नाही, बोटंच करतात. तिच्यात काही निघालं नाही. स्टेज १ए. नंतर ती म्हणाली म्हणे, एवढा मोठा उभा व्रण कशाला दिला, शेजारणीचं तर तीन भोकांत झालं. शेजारणीची गाठ कॅन्सरची नव्हती, हे तिला कुणीतरी समजावलं असेल अशी आशा आहे.

भोकांवरून आठवलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीतून होणाऱ्या रॅडिकल शस्त्रक्रियेत पुण्याचं नाव जगात आहे. डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २४८ रुग्णांच्या अनुभवासह आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिला ‘पुणे टेक्निक’ म्हणतात. पुढे २०१८ मध्ये एलएसीसी नावाचा मोठा अभ्यास आला, ६३१ बायका, ३३ केंद्रं. साडेचार वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या बायका उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ९६.५ टक्के, तर दुर्बीण आणि रोबोटच्या गटात ८६. सगळ्यांना धक्का बसला. कारणांवर अजून वाद आहेत: गर्भाशय हलवायला आत घातलेलं उपकरण, गाठ पोटात उघडी पडणं. माझ्या टेबलावरून एवढं सांगते की त्या उपकरणाने गाठ चिरडली की पेशींचे पुंजके भलत्याच नळ्यांत ढकललेले दिसतात, आणि ते आजाराने गेले की उपकरणाने, हे ठरवताना पॅथॉलॉजिस्टची परीक्षा होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मी माझ्या बहिणीला आज उघडीच शस्त्रक्रिया करून घे म्हणेन. अस्तराच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी, तिथे दुर्बीण चालते, बरी पडते.

अस्तराचा कॅन्सर मला निगडी-प्राधिकरणाच्या बाजूने जास्त येतो. निवृत्त कामगारांच्या बायका, साखर, वजन, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली आणि अचानक डाग. या बायका लवकर डॉक्टरकडे जातात म्हणून बहुतेक वाचतात. पाळी गेल्यावर एक थेंबही अंगावर गेला तरी तपासायचं, एवढं त्यांच्या पिढीला कुठून तरी समजलं आहे.

सुरीचा हट्ट कमी होतो आहे, हे मला अलीकडच्या वर्षांतलं सर्वांत चांगलं वाटतं. टाटा मेमोरियलने ६३३ बायकांवर तपासलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या मधल्या स्टेजेसमध्ये आधी केमो देऊन गाठ लहान करून मग ऑपरेशन करावं, की थेट किरण आणि केमो द्यावं. २०१८ मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या किरण-केमोच्या गटात ७६.७ टक्के, ऑपरेशनच्या गटात ६९.३. म्हणजे जिथे ऑपरेशन करायचं नाही तिथे ते चांगलं केलं तरी तोटाच. २०१९ च्या जर्मन अभ्यासात पसरलेल्या बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये, निरोगी दिसणाऱ्या लिम्फच्या गाठी सरसकट काढून आयुष्य वाढत नाही, त्रास मात्र वाढतो, असं दिसलं. २०२४ मध्ये दोन सेंटिमीटरच्या आतल्या, कमी जोखमीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला साधं गर्भाशय काढणंही चालतं, हेही सिद्ध झालं. मात्र त्या बायकांची स्टेज आधी पक्की ठरलेली होती, लिम्फच्या गाठी तपासलेल्या होत्या. ‘साधं चालतं’ एवढंच वाक्य कुणी उचललं तर माझ्याकडे आणखी कट-थ्रू येतील.

लातूरच्या बाईचं पुढे असं झालं. एमआरआयमध्ये बाजूला अवशेष दिसला. किरण आणि केमो झाले. पैशाची बाजू महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून निभावली. तिथे बायोप्सीचा रिपोर्ट लागतोच, त्यामुळे आमचा कागद उपयोगी पडला. कर्मचारी राज्य विमा योजनेचं, म्हणजे ईएसआयचं कार्ड तिच्याकडे होतं. त्यात साधा आजारलाभ वर्षाला ९१ दिवस, ७० टक्के पगाराचा. कॅन्सरसारख्या आजारांना त्यापुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतो. मुख्य अट, सलग दोन वर्षांची नोकरी. ठेकेदार दर काही महिन्यांनी ब्रेक देतो, त्यामुळे सलग दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टच्या बाईची भरत नाहीत. तिचीही भरली नाहीत. तिच्या जागी दुसरी घेतली गेली. आता ती मेदनकरवाडीत घरीच डबे करून देते. तपासणीला आली की लॅबमध्ये डोकावते. आजार परत आलेला नाही.

या पट्ट्यात राहणाऱ्या, काम करणाऱ्या, किंवा इथे कामाला आलेल्या बायकांच्या घरच्यांना माझी विनंती आहे. पिशवी काढायला सांगितली असेल तर आधी विचारा की तोंडाची तपासणी झाली का, अस्तराचा नमुना घेतला का, त्याचा रिपोर्ट कुठे आहे. डॉक्टर रागावले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात विचारा, पुण्याच्या ससूनमध्ये विचारा. ऑपरेशन झालं असेल तर काढलेली पिशवी कुठल्या लॅबला गेली ते नाव लिहून घ्या. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागितले की मिळतात, वर्षानुवर्षं टिकतात, दुसऱ्या रुग्णालयात नेता येतात. आणि तपासणीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय टाके काढून गावाला निघू नका.